ऑक्सफर्ड-केंब्रिज : पदवी प्रवेशाचे टप्पे

अर्ज : ‘युकास’ या सामाईक यंत्रणेमार्फत. कमाल 5 पर्याय. मात्र एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोन्ही नाहीत.

मुदत : आदल्या वर्षीचा 15 ऑक्टोबर, ब्रिटनमध्ये सायंकाळी 6, भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा. शिक्षकांचे शिफारसपत्रही त्याआधीच जोडलेले हवे.

निवेदन : 2026च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद. आता 3 प्रश्न : हाच विषय का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, शिक्षणाबाहेर काय केले. प्रत्येक उत्तर किमान 350 कॅरेक्टर. तिन्ही मिळून 4,000, मोकळ्या जागा धरून. हेच निवेदन पाचही ठिकाणी जाते, म्हणून त्यात एकाच विद्यापीठाची स्तुती नको.

चाचणी : अनेक विषयांना लेखी. नोंदणी स्वतंत्र, युकासचा अर्ज भरला म्हणून ती आपोआप होत नाही. हे आवर्जून तपासावे.

कॉलेज : पसंतीचे निवडता येते किंवा कॉलेज न निवडता ‘ओपन’ अर्ज करता येतो.

मुलाखत : मुख्यतः डिसेंबरात. विषयाचे प्राध्यापक अनोळखी गणित किंवा उतारा समोर ठेवतात. विद्यार्थी विचार कसा करतो, हे पाहतात.

निकाल : जानेवारीत. बारावी व्हायची असल्यास प्रवेश गुणांच्या अटीवर.