होडीत चढण्यापूर्वी



नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांवर होडी हीच एस.टी. आहे. सरदार सरोवराचे पाणी डोंगरांत शिरल्यापासून रेशन, दवाखाना, आश्रमशाळा यांची वाट पाण्यावरून जाते. पूर्वी नदीचा काठ उतरता होता. आता काठ म्हणजे डोंगराचीच कड. पाय घसरला की थेट खोल पाणी.

2019 च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या दिवशी, अक्राणी तालुक्यातील भूषा येथे भाविकांची होडी उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. मृतांमध्ये लहान मुलेही होती.

होडी उलटायला वादळच लागते असे नाही. माणसे व सामान वाढले की तिची कड पाण्याला टेकू लागते. कोणी उभे राहिले की ती डोलते. काठ दिसताच सगळे एकाच बाजूला उठले, तर तेवढेही पुरते. म्हणून पाड्यांवरील बैठकांत आम्ही हेच सांगतो: जागा नसेल तर पुढच्या फेरीने जा. भार दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. बसून राहा आणि एकेकाने उतरा. नावाडी प्यायलेला असेल किंवा वारा सुटला असेल, तर चढूच नका.

होडी उलटलीच तर काठाकडे पोहत सुटू नका. लाकडी होडी बहुधा तरंगत राहते. तिलाच धरून राहा. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि मदत बोलवा.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 आपण सर्वांनी वाचला आहे. पौलाचे तारू फुटले तेव्हा ज्यांना पोहता येत होते ते उडी टाकून निघाले, बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर. 276 जण होते. सगळे सुखरूप किनाऱ्याला लागले. पौलाचा देवावर पूर्ण भरवसा होता, तरी फळी हाती धरणे कोणी अविश्वास मानले नाही.

आजची फळी म्हणजे लाइफ जॅकेट. मागच्या फेरीत एक आई जॅकेटवर बसली होती, बाळ मांडीवर. "फळी ओली आहे ना, ताई," ती म्हणाली. मी तिला जॅकेट घालायला लावले, पट्टे आवळले. बाळासाठी मात्र माझ्याकडे काहीच नव्हते. होडीतली सगळी जॅकेटे मोठ्यांच्या मापाची होती, आणि मोठ्या जॅकेटातून मूल खाली निसटते.

या तिमाहीत आपल्या मंडळीने मुलांच्या मापाच्या जॅकेटांसाठी हातभार लावावा, ही नम्र विनंती. नावाड्यांसाठी प्रार्थना करा. आणि सहलीला गेलात तर तुम्हीही जॅकेट घाला, पट्टे बांधून.