बीएमआय ‘नॉर्मल’, पोट मात्र पुढे

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या कोड्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. १८.५ ते २४.९ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण पट्टा. त्यात बसलो की सुटलो, हा आपल्याकडचा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. तेवढ्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयाच्या अंगात सहसा चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. त्यातही ती चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठते. म्हणूनच हातपाय काडीसारखे असलेल्या माणसालाही ऐन चाळिशीत मधुमेह गाठतो.

याची मुळं पार जन्माआधीपर्यंत जातात. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. स्नायूंत आपली बाळं बरीच उणी होती, चरबीत मात्र त्या मानाने फारशी नाही. सगळा दोष वडापावच्या माथी मारण्याआधी हे ध्यानात घेतलेलं बरं.

बीएमआय हा आजार ओळखण्यासाठी डॉक्टरांनी शोधला, हीदेखील समजूतच. १८३२च्या सुमारास हे सूत्र मांडणारे अडॉल्फ केतले हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. कोणाच्या लठ्ठपणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२मध्ये दिलं, तेही पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासून. त्या यादीत स्त्रिया नव्हत्या, भारतही नव्हता.

बरं, पट्ट्याच्या रेषाही माणसांनीच आखलेल्या. अमेरिकेत १९९८ साली जादा वजनाची मर्यादा २५वर आणली गेली आणि कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता ‘जादा वजनाचे’ ठरले. भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये आपल्यासाठी २३च्या पुढे जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा, अशी कडक रेघ ओढली.

मग हा आकडा टाकाऊच का? जिममध्ये जाणाऱ्यांना असं म्हणायला आवडतं, कारण त्याला चरबी आणि स्नायू वेगळे ओळखता येत नाहीत. पहिलवानाच्या बाबतीत हे खरंच आहे. पण बीएमआय ३२ असलेल्या बहुतेकांच्या अंगावर पहिलवानाचे स्नायू नसतात. शिवाय मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला याच्याइतकं स्वस्त माप दुसरं नाही. वजनकाटा आणि उंचीची पट्टी एवढ्यावर काम भागतं.

या मापातून निसटतं काय, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसतं. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्क्यांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक होता, पण कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर असलेल्या होत्या ५६.७ टक्के.

म्हणून जोडीला टेप हवी. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८०च्या आत असावा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. पँटचा नंबर इथे कामाचा नाही. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणाऱ्याचा तो नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.