तिकडे पायोनियर, इकडे अतिक्रमणदार!

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची ‘लिटल हाऊस’ ही कादंबरीमाला १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पश्चिमेकडे गाडी हाकत निघालेल्या एका गरीब गोऱ्या कुटुंबाची ही कहाणी. तिच्यावर एनबीसी वाहिनीची मालिका १९७४ ते १९८३ अशी चालली. २००५ मध्ये एबीसीनेही एक लघुमालिका काढली. कष्टाळू बाप, प्रेमळ आई, लाकडी घर. पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत!

पण आम्ही वकील. आमचा पहिला प्रश्न, ते घर कुणाच्या जमिनीवर होते?

‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९३५) या कादंबरीतले कॅन्ससमधील घर ओसेज या आदिवासी जमातीच्या राखीव जमिनीवर बांधलेले होते. कायद्याच्या भाषेत ते अतिक्रमणच. मात्र सरकारने पुढे हटवले ते ओसेजांना. त्या मुलखात माणसेच राहत नव्हती, होते ते फक्त इंडियन, अशा आशयाचे वाक्य या पुस्तकात होते. एका वाचकाने आक्षेप घेतल्यावर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या शब्दाऐवजी ‘वसाहतकार’ असा शब्द आला. चूक सुधारायला अठरा वर्षे लागली. २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्काराला असलेले वाइल्डर यांचे नावही काढून टाकले.

माणसांत गणती नसणे म्हणजे काय, हे महाडचे पाणी पेटवणाऱ्या समाजाला कुणी शिकवायला नको!

आता यवतमाळ जिल्ह्यात या. गावोगावी आमचे बौद्ध, मातंग, पारधी, कोलाम बांधव ई-क्लासच्या, म्हणजे गायरानाच्या माळावर दगड वेचून कपाशी-तूर पिकवतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, ते याच हक्कासाठी. अमेरिकेने १८६२ च्या कायद्याने जमीन कसणाऱ्याला १६० एकर दिले आणि त्याला पायोनियर म्हटले. आमचा माणूस दोन-चार एकर कसतो, तर तो अतिक्रमणदार! त्याच्यावर ना कादंबरीमाला, ना टीव्ही मालिका. त्याच्या वाट्याला येते ती नोटीस.

बांधवांनो, या नोटिशीला घाबरू नका. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरवले. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात दिला. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटीस दाखवणारे हा भाग वाचून दाखवत नाहीत. तो आपण वाचला पाहिजे.

म्हणून तलाठ्याकडून गाव नमुना एक-ई ची नक्कल काढा. दंडाच्या जुन्या पावत्या, पीकपेऱ्याच्या नोंदी जपून ठेवा. आजोबांनी माळ कसा फोडला, हे नातवाच्या वहीत लिहून घ्या. कागद कोर्टात कामी येईल, वही इतिहासात.

वाइल्डरबाईंनी आपल्या बापाच्या अतिक्रमणाचे महाकाव्य केले. आमच्या बापाने घाम गाळून माळ फोडला, त्याची साधी नोंदही आम्ही ठेवू नये काय?

जय भीम!