ज्वारी, करडई आणि रक्तातील साखर

हिंगोली जिल्ह्यात एके काळी खरिपाचे शिवार म्हणजे ज्वारी, कापूस, तूर व मूग असे समीकरण होते. आज त्याच जमिनीवर सोयाबीन उभे असते, आणि वसमतकडे हळदीचे मळे दिसतात. या पिकांनी शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पीक पालटले तसे ताटही पालटले. भाकरीची जागा बऱ्याच अंशी पोळी व भाताने घेतली, घाण्याच्या करडई तेलाऐवजी पिशवीतले स्वस्त तेल आले, आणि बांधापर्यंतची पायपीट मोटारसायकलने संपविली.

मधुमेह हा बैठे काम करणाऱ्या शहरवासीयाचा विकार, ही समजूत आता टाकून द्यावी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील दर शंभर प्रौढांमागे सुमारे नऊ जणांना मधुमेह आढळला. अंगाने सडपातळ असलेला शेतकरीही यातून सुटत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची व एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते, पण ब्रिटिश गृहस्थाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणून वजनकाट्याइतकेच कमरेच्या मापाकडे लक्ष द्यावे. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली व फेरतपासणीतही तशीच आढळली, तर तो मधुमेह होय. १०० ते १२५ ही त्याची पूर्वावस्था समजावी. याच अवस्थेत आहार व चालणे यांचा गुण सर्वांत चांगला येतो.

ज्वारी हे मात्र औषध नव्हे. तिच्यातही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, आणि चार भाकरी खाऊन साखर उतरेल अशी आशा कोणी बाळगू नये. तिचा गुण असा की, सडलेल्या तांदळाच्या तुलनेत तिच्यात चोथा कितीतरी अधिक असतो. पीठ न चाळता केलेली एक-दीड भाकरी, तिच्याबरोबर वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, आणि ताटाचा अर्धा भाग मेथी, चवळी, दोडका अशा भाज्यांचा, ही मांडणी घरच्या शेतात सहज जमते. एकादशीचा साबुदाणा व बटाटा मात्र साखर झपाट्याने चढवितो. शिवाय इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने वैद्यांना विचारल्यावाचून उपवास करू नये; साखर एकाएकी उतरून घाम फुटतो, हात कापतात व भोवळ येते. अशांनी शेतावर जाताना गुळाचा खडा जवळ बाळगावा.

कोलेस्टेरॉलचा प्रश्न तेलाशी निगडित आहे. करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो, आणि पामतेल किंवा वनस्पती तुपाऐवजी ते वापरल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल घटते. तरीही तेल ते तेलच. तळण व वारंवार तापविलेले तेल टाळावे.

शेतकरी कष्ट करतोच, मग त्याला व्यायाम कशाला, असे विचारले जाते. पण मळणी यंत्राने होते आणि पेरणी ट्रॅक्टरने. दोन हंगामांच्या मधले दिवस पारावर जातात. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे.

हळदीच्या या मुलुखात हळद खाऊन गोळ्या सोडणारे लोक भेटतात. हळद भाजीत असू द्यावी. गोळी बंद करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर व रक्तदाब यांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात होते.

मोठा धोका पायांनाही असतो. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना बोथट होते. तुराटीचे खुंट किंवा काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि वेळेवर इलाज न झाल्यास पाय कापण्याची पाळी येते. अशा रोग्याने अनवाणी शेतात उतरू नये, वहाण झटकून घालावी, आणि रोज सायंकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरच्या माणसाकडून पाहून घ्यावेत.