पाठीच्या मापाचे खोगीर

काशीच्या राजा घाटाच्या पाषाणी पायऱ्यांवर उभे राहिले असता, ज्या अमृतराव पेशव्यांच्या नावाने तो घाट पूर्वी ओळखला जाई त्यांचे दत्तकपिता रघुनाथराव यांच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत पोचल्या होत्या, याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. आणि त्या पराक्रमाच्या वर्णनात तलवारीला मिळालेल्या मानाचा शतांशही खोगिराच्या वाट्यास आला नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

दसऱ्यास मुलूखगिरीवर निघणारे जनावर पावसाळाभर छावणीच्या चाऱ्यावर पोसलेले, भरल्या पाठीचे असे. दौड, अपुरा दाणा आणि उन्हाळा यांनी तेच पुढे असे वाळे, की मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा वर येई आणि त्याच्या दोन्ही अंगांचे मांस आटून खळगे पडत. मग आश्विनात चपखल बसलेले खोगीर चैत्रात पुढे कलून कण्यावर टेके, आणि सैल पडले म्हणून तंग अधिक आवळावा तर इजा वाढतच जाई. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या आधीच्या कोंडीत उपासमारीने खंगलेल्या घोड्यांच्या पाठींची काय दशा झाली असेल, याची कल्पना करवत नाही.

जाणता मोतद्दार खोगीर उतरवताच प्रथम घामाचा डाग पाहतो. पाठ दोन्हीकडे सारखी भिजली असेल तर चिंता नाही; परंतु ओल्या अंगावर मधेच एखादा वाटोळा कोरडा ठिपका दिसला, तर तेथे सारा भार एकवटला आहे असा संशय धरावा. दुर्लक्ष केल्यास पुढे त्याच जागी पांढरे केस उगवतात आणि ते जन्मभर राहतात. उपाय कष्टाचा, पण साधा आहे: शिवण उसवून गोळा झालेला भराव काढावा, पिंजावा आणि खळग्यांच्या बाजूस बेताने अधिक भरावा. स्वार बसल्यावरही उंचवट्यावर दोन-तीन बोटे सहज जातील इतकी मोकळीक हवी, आणि कण्यावर तर भार मुळीच येता कामा नये. खोगीर अरुंद असता खाली दुसरा जाड नमदा घालणे हा मात्र शुद्ध अविचार होय; त्याने पकड अधिकच घट्ट होते. घोडे पुन्हा भरले की हा सारा खटाटोप उलट दिशेने करावा लागतो.

अमृतरावांनी १८०३ मध्ये कंपनी सरकारशी तह करून सालिना सात लाखांची नेमणूक पत्करली. पेशवाईची ती पागा राहिली नाही, तरी सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्यांचे सौदे होतात. तेथे जनावर घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, की जुन्या घोड्याचे खोगीर नव्यावर तसेच चढवू नका, आणि नीट बसलेले खोगीरही ऋतू पालटला की पुन्हा पाठीवर ठेवून तपासा.