पब्बरला ट्राउट, ओखल्याला फेस : एकाच नदीची दोन टोके

नवी दिल्ली : ओखला येथे यमुनेवर बंधारा घालून १८७४ मध्ये आग्रा कालवा सुरू करण्यात आला. इंग्रजी अमदानीत या बंधाऱ्याखालच्या खळाळत्या पाण्यात महासीर मासा मिळत असे आणि दिल्लीतील अधिकारी सुटीच्या दिवशी गळ घेऊन तेथे जात. आज त्याच ठिकाणी हिवाळ्यात पांढरा फेस तरंगतो. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या मासिक तपासण्यांत या पट्ट्यातील पाण्यात विरघळलेला प्राणवायू अनेकदा शून्य आढळतो. स्नानयोग्य पाण्यासाठी तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे.

त्यामुळे राजधानी परिक्षेत्रातील गळाच्या शौकिनांना आता हिमालय गाठावा लागतो. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात, त्याचाच एक वेगळा प्रकार त्यांना तेथे ओढून नेतो. कृत्रिम माशीच्या साह्याने ट्राउट पकडण्याचा हा प्रकार ‘फ्लाय फिशिंग’ या नावाने ओळखला जातो. दिल्लीपासून सुमारे ५०० किलोमीटरवर, हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात असलेले तीर्थन नदीचे खोरे हे त्यांचे आवडते ठिकाण. मनालीच्या रस्त्यावर आउट येथे वळण घेऊन बंजारमार्गे गुशैणीला पोहोचले की नदीचा आवाज सुरू होतो.

नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि त्या वजनामुळे दोर दूर जातो. येथे माशी म्हणजे आकड्याभोवती गुंडाळलेली पिसे, केस आणि रेशीम. तिला वजन असे नसतेच. म्हणून दोरच जाड व वजनदार घेतात. लवचीक काठी मागे-पुढे झुलवली की दोराची लाट हवेत उलगडत जाते आणि टोकाच्या अतिशय बारीक, पारदर्शक तंतूला बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरते. कौशल्याचा खरा कस मात्र त्यानंतर लागतो. ट्राउट दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. माशी पाण्याच्याच गतीने वाहत आली तर तो फसतो. दोराच्या ताणाने ती किंचित जरी आडवी ओढली गेली, तरी तो तोंड फिरवतो. त्या दिवशी नदीत कोणते किडे आहेत, याचा अदमासही घ्यावा लागतो. काठावरचा एखादा दगड उलटून त्याखालच्या अळ्या पाहणे, ही या छंदातील पहिली पायरी मानली जाते.

ट्राउट मुळात भारताचा नाही. तपकिरी ट्राउट युरोपातला, तर इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रजांना आपल्या मायदेशातील नद्यांची आठवण येई आणि त्या आठवणीपायी त्यांनी माशांची अंडी बर्फात घालून समुद्रापार आणली. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली पहिली खेप वाटेतच वाया गेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप तगली. श्रीनगरजवळ हारवन येथे फ्रँक मिचेल या गालिचा कारखानदाराने ही पिले वाढवली. कुलू खोऱ्यात १९०९ मध्ये अंडी उबवण्याचे केंद्र सुरू झाले. दक्षिणेत निलगिरीच्या उंच ओढ्यांमध्येही असेच प्रयत्न झाले आणि तेथे इंद्रधनुषी ट्राउट रुजला.

या दोन जातींचे भारतातील नशीब मात्र वेगळे ठरले. हिमालयात तपकिरी ट्राउट अनेक नद्यांत स्वतःच प्रजनन करू लागला. आजचे त्याचे वंशज ‘रानटी’ म्हणावेत असेच आहेत. इंद्रधनुषी ट्राउट मुख्यतः सिमेंटच्या वाहत्या हौदांत वाढतो आणि ताटात येतो. पतलीकुहल येथे नॉर्वेच्या साहाय्याने राबवलेल्या प्रकल्पानंतर हिमाचलात या शेतीला चालना मिळाली. केंद्रांत वाढवलेली पिले नद्यांमध्येही सोडली जातात. हौदात वाढलेला मासा माणसाच्या सावलीला खाद्याची चाहूल समजतो, तर नदीत जन्मलेला मासा तीच सावली पाहून दगडाखाली जातो. हौदातल्या माशाच्या पंखांच्या कडाही अनेकदा झिजलेल्या असतात. जाणकार गरवणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

बाहेरून आणलेला मासा नदीत सोडणे हे निरुपद्रवी काम नव्हे. हिमालयातील थंड पाण्यात ‘असला’ नावाचा स्थानिक मासा राहतो. इंग्रजीत त्याला हिमट्राउट म्हणतात, पण तो ट्राउटच्या नव्हे, तर रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. तपकिरी ट्राउट त्याच्याशी अन्नासाठी स्पर्धा करतो आणि त्याची पिलेही खातो.

याच प्रश्नाचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. दख्खनी महासीराचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील नमुन्यावरून त्याची नोंद केली आणि स्थानिक मराठी नावच त्याला दिले. हा मासा दुर्मीळ होऊ लागला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली आणि पिले दूरदूरच्या नद्यांत पोहोचली. कावेरीतही ती सोडण्यात आली. तेथे आधीपासून मदार असलेला एक वेगळा, प्रचंड आकाराचा महासीर राहत होता. दख्खनी महासीर तेथे फोफावला आणि हा मूळ रहिवासी मागे पडला. २०१८ मध्ये त्याची ‘टॉर रेमादेवी’ अशी शास्त्रीय ओळख पटली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. एका माशाला वाचवण्याचा प्रामाणिक खटाटोप दुसऱ्याच्या मुळावर आला. नदी बदलली की ‘देशी’ या शब्दाचा अर्थही बदलतो, हे तोवर फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

तीर्थनची कथा याच्या नेमकी उलट आहे. या नदीवर प्रस्तावित असलेल्या छोट्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध स्थानिकांनी न्यायालयीन लढा दिला. माजी आमदार दिलाराम शबाब त्यात आघाडीवर होते. २००६ मध्ये हे प्रकल्प रद्द झाले. या नदीतील ट्राउट हा प्रकल्पांविरुद्धच्या मुद्द्यांपैकी एक होता. लगतच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परक्या माशामुळे आपली नदी वाहती राहिली, हा विरोधाभास खोऱ्यातील लोकांना फारसा खटकत नाही. त्यांची पाहुणघरे या माशावरही चालतात.

ट्राउटला थंड पाणी लागते, त्याचे कारण साधे आहे. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउट अस्वस्थ होतो. अंडी घालायला त्याला स्वच्छ खडीचा तळ हवा. डोंगर फोडून रस्ता काढताना माती व राडारोडा नदीत गेला, तर खडीच्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. त्यामुळे ट्राउट आहे की नाही, एवढ्यावरून नदीची प्रकृती बरीचशी कळते.

ओखल्याच्या पाण्याशी याचा संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. हिमाचलात रोहडूजवळून वाहणारी पब्बर ही ट्राउटची नावाजलेली नदी. ती टोन्सला मिळते, टोन्स यमुनेला. म्हणजे ट्राउटच्या अंगावरून गेलेले पाणी यमुनेच्याच खोऱ्यातले आहे. पुढे हथनीकुंड येथे त्यातले बरेचसे कालव्यांकडे वळते आणि वझिराबादला उरलेले शहराच्या नळांकडे जाते. त्यानंतर नदीपात्रात येतो तो प्रामुख्याने नाल्यांचा प्रवाह. वझिराबाद ते ओखला हा २२ किलोमीटरचा पट्टा १,३७६ किलोमीटर लांबीच्या यमुनेच्या जेमतेम दोन टक्के. नदीच्या प्रदूषणाचा बहुतांश भार मात्र याच पट्ट्यात पडतो.

हिमाचलात ट्राउट धरण्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना आवश्यक असतो. तपकिरी ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीस बंदी असते. अनेक शौकीन बिनकाट्याचा आकडा वापरतात आणि पकडलेला मासा ओल्या हातांनी धरून पुन्हा पाण्यात सोडतात; कोरड्या तळव्याने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो व जखम चिघळते. मार्च उजाडताच दिल्लीहून निघणाऱ्या रात्रीच्या बसगाड्यांत लांबट नळकांड्यांत घातलेल्या काठ्या पुन्हा दिसू लागतात.