संगणकाच्या विद्येवर मालकी कोणाची?

मुळशी तालुक्याला मालकीचा प्रश्न नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच. गावे बुडाली आणि वीज मुंबईला गेली. आज याच तालुक्यात हिंजवडीच्या शिवारात आयटी पार्क उभा आहे. तिथे तयार होणारा माल डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्याही मालकीचा झगडा चालू आहे. आपल्या समाजातील शिकलेली पहिली पिढी तिथे नोकरीला जाते, म्हणून हा झगडा आपण समजून घेतला पाहिजे.

सॉफ्टवेअरला कॉपीराइट आहेच, त्याला आमचा विरोध नाही. पेटंट मात्र लिहिलेल्या मजकुरावर नव्हे, तर रीतीवर मिळते आणि २० वर्षे टिकते. दुसऱ्याने तीच रीत स्वतःच्या डोक्याने शोधली तरी तो दोषी ठरतो! पाककृतीच्या पुस्तकावर हक्क सांगणे वेगळे आणि भाकरी थापण्याच्या रीतीवर हक्क सांगून घरोघरच्या चुलीकडे पैसे मागणे वेगळे.

याचा पहिला घाव मुक्त सॉफ्टवेअरवर बसतो. ते कोणीही वापरावे, वाचावे, बदलावे, वाटावे. त्याच्या प्रती कोणी मोजत नाही, मग प्रतीमागे पेटंटची फी कोण भरणार? जिफ चित्रांमागच्या रीतीवर युनिसिस कंपनीने १९९४ अखेर हक्क सांगितला, तेव्हा लोकांना पीएनजी हा नवा प्रकार घडवावा लागला.

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे दार किलकिले केले. २००५ साली संसदेने ते पुन्हा लावले. युरोपच्या संसदेनेही त्याच वर्षी ६४८ विरुद्ध १४ मतांनी असा प्रस्ताव फेटाळला. पण कंपन्यांनी ‘निव्वळ’ या एका शब्दात फट शोधली. पेटंट कार्यालयाने २०१६ साली नव्या हार्डवेअरची अट घातली, ती २०१७ साली काढली. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही सांगितले की, तांत्रिक परिणाम असेल तर बंदी सरसकट नाही.

पेटंट नसेल तर शोध कोण लावेल, असे विचारले जाते. आम्ही विचारतो, पेटंट कोणाच्या हाती जाते? शोधकर्ता म्हणून नाव आपल्या पोराचे, मालकी कंपनीची! वकिलाची फी परवडत नाही तो खटल्याच्या नुसत्या धाकानेच गप्प बसतो.

चवदार तळे सार्वजनिक होते, कागदावर आपल्यालाही खुले होते. तरी १९२७ साली बाबासाहेबांना तिथवर चालत जाऊन ओंजळ भरावी लागली. कलम ३(के) ही कागदावरच आहे. पेटंट कार्यालयाचे मसुदे हरकतींसाठी खुले होतात, तेव्हा आपल्या इंजिनिअरांनी आणि वकिलांनी हरकती लिहिल्या पाहिजेत. हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.